अर्धा ग्रॅम कोळसा

(संस्थेच्या विज्ञान दिनाच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या बीड जिल्ह्याच्या जमिनीत कोळसा नाही. येथे विहीर खणावयास घेतली की मुरूम लागतो, मुरुमाखाली काळा पाषाण लागतो, आणि तो पाषाण म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा होय. कोळसा सापडतो तो तिकडे चंद्रपूर, वणी, उमरेडला आणि गोदावरीच्या खालच्या खोऱ्यात तेलंगणात. त्या खडकांचे वय पंचवीस कोटी वर्षांहून अधिक. असे असूनही आपल्या जिल्ह्यात एक गाव असे आहे की ज्याच्या दारात हा कोळसा आगगाडीने येऊन उभा राहतो. ते गाव म्हणजे परळी वैजनाथ.

परळीचे औष्णिक विद्युत केंद्र सन १९७१ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यात तीस-तीस मेगावॅटचे दोन संच होते. पुढे २१० मेगावॅटचे तीन संच आले. ते सारे जुने संच आता बंद झाले असून आज २५० मेगावॅटचे तीन संच तेथे आहेत. सन २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले होते, ही गोष्ट पालकांच्या स्मरणात असेलच. आपण सगळे त्याला नुसते 'थर्मल' म्हणतो. आपल्यापैकी कोणाच्या घरचा माणूस तेथे कामाला होता, कोणाचा ट्रक राख वाहतो, कोणाच्या घराच्या भिंतीत त्या राखेची वीट बसलेली आहे. म्हणून परळीकडच्या माणसांत बसले की एक प्रश्न हमखास निघतो. या राखेत आहे तरी काय? त्यात पारा आहे का? शिसे, सोमल आहे का? आमच्या विहिरीच्या पाण्याला त्याचे काही होईल का?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. एक जण म्हणतो, सगळे विष आहे. दुसरा म्हणतो, काही नाही, मातीच आहे. दोघांनीही काही मोजलेले नसते. मोजावयाचे म्हटले तर कोठून सुरुवात करावी लागते, ते आज मला तुम्हांला सांगावयाचे आहे. लोकांची समजूत अशी की प्रयोगशाळेत एक मोठे यंत्र असते, त्यात कोळसा टाकला की कागदावर आकडा उमटतो. यंत्र असते हे खरे. पण आकडा बिघडावयाचा असेल तर तो यंत्रापाशी पोहोचण्याच्या कितीतरी आधीच बिघडलेला असतो. कोळशाच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: एकूण चुकीचे शंभर भाग मानले तर त्यांतले सुमारे ऐंशी भाग नमुना काढताना होतात, सोळाएक भाग तो नमुना तयार करताना, आणि यंत्राच्या वाट्याला चारच येतात. ठोकताळाच तो, दर ठिकाणी तंतोतंत उतरणार नाही. पण पैसा आणि कौतुक मात्र सगळे त्या चार भागांच्या वाट्याला जाते, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे.

आता हिशेब पाहा. कोळशाच्या एका मालगाडीला साधारणपणे अठ्ठावन्न वाघिणी असतात. त्यांत मिळून सुमारे ३,८०० टन कोळसा येतो. प्रयोगशाळेत धातूंच्या तपासणीसाठी शेवटी जो कोळसा तोलला जातो, तो असतो अर्धा ग्रॅम. चिमूटभरच म्हणा. म्हणजे साडेसातशे कोटी भागांतून एक भाग आपण उचलतो आणि त्याला विचारतो, बाबा रे, तुझ्या बाकीच्या भाऊबंदांत काय आहे ते सांग.

मराठीत म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. भाताला ती लागू पडते, कारण तांदूळ एका जातीचा, पाणी सगळीकडे सारखे, आच सारखी. कोळशाला ती लागू पडत नाही. कोळसा आहे लग्नातल्या बिर्याणीच्या देगेसारखा. वरून चमचा घातला तर भात आणि तळलेला कांदा येईल, गोश्त तळाशी. त्या एका चमच्यावरून कोणी सांगितले की या देगेत गोश्त नाही, तर आचारी त्याला काय म्हणेल ते मी येथे सांगत नाही. कोळशात दगडाचे थर असतात, मातीचे असतात, आणि पायराइट नावाचे पिवळसर चकाकणारे लोखंड-गंधकाचे खनिज असते. पारा आणि सोमल म्हणजे अर्सेनिक, हे पुष्कळदा या पायराइटाच्या संगतीत राहतात. पायराइट कोळशाच्या तिपटीहून जड. गाडी हलली, ढीग ओतला, की जड आणि हलके, मोठे आणि बारीक आपोआप वेगळे होतात. मग तुम्ही ढिगाच्या कोणत्या भागातून मूठ भरली यावर उत्तर ठरते.

हे केवळ शास्त्राचे कोडे नाही, त्यात पैसाही आहे. १ जानेवारी २०१२ पासून आपल्या देशात कोळशाची प्रत त्याच्या उष्मांकावर ठरते. एकूण सतरा प्रती आहेत, आणि बहुतेक प्रतींमधील पायरी किलोमागे ३०० किलोकॅलरीची. अकरावी प्रत ४,००० पासून ४,३०० पर्यंत, तिच्या खाली बारावी. नमुन्यात दगड थोडा अधिक आला की प्रत एक पायरी खाली उतरते, कमी आला की वर चढते, आणि प्रतीबरोबर किंमत. खाणवाला आणि वीजवाला यांचा तंटा नेहमीचा. तो मिटावा म्हणून गेल्या दशकात त्रयस्थ संस्थेकडून नमुने काढून घेण्याची पद्धत सुरू झाली, आणि त्या कामात केंद्र सरकारची खनन व इंधन संशोधन संस्था होती. शेवटी फरकाचा पैसा वीजबिलातूनच निघतो, हे पालकांना सांगावयास नको.

पारा-शिशाची गोष्ट त्याहून नाजूक आहे. उष्मांक हजारांत मोजतात, राख शेकड्यांत. आपल्या देशी कोळशात राख पुष्कळ, शंभरात तीस ते पंचेचाळीस भाग सहज. पण पारा मोजावयाचा तो दशलक्षात एका भागाच्याही अंशात. जगातल्या बहुतेक कोळशांत तो दशलक्षात ०.०२ ते १ भाग एवढा आढळतो. समजा आपल्या गाडीत ०.१ आहे. मग एका टनात एक दशांश ग्रॅम, आणि ३,८०० टनांत ३८० ग्रॅम. तापाच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरात अर्धा ते एक ग्रॅम पारा असे. म्हणजे एका मालगाडीत निदान पावणेचारशे थर्मामीटर फोडण्याइतका पारा विखुरलेला आहे. तो कोठे जातो? काही राखेला चिकटतो, काही धुरांड्यातून वर जातो. सन १९५६ मध्ये जपानच्या मिनामाता गावी पाऱ्याने काय अनर्थ केला ते उघडकीस आले. त्या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार सन २०१३ मध्ये झाला आणि सन २०१८ मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये आपल्या सरकारने औष्णिक केंद्रांच्या धुरातील पाऱ्याला मर्यादा घातली, घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. कायदा झाला. आता मोजणारे हात पाहिजेत.

तर चला, कोळशाबरोबर आपणही प्रयोगशाळेपर्यंत जाऊ.

वाघिणीतून नमुना काढावयाचा तर कोणत्या वाघिणी निवडावयाच्या ते आधी चिठ्ठ्या टाकून ठरवितात. जवळची, सावलीतली, चढावयास सोपी अशी वाघीण निवडणे हा मनुष्यस्वभाव आहे आणि तो आकड्यात उतरतो. वरचा थर बाजूला सारून आतून फावडे भरावे लागते, कारण वरचा कोळसा वाऱ्याने उडालेला आणि पावसाने धुतलेला असतो. सर्वांत विश्वासाची पद्धत म्हणजे चालता पट्टा थांबवून त्यावरचा आडवा पट्टाभर कोळसा, अगदी शेवटच्या भुकटीसकट, झाडून घेणे. भुकटी झाडून घेण्याचा कंटाळा करावयाचा नाही. बारीक कोळशाची राख आणि धातू ढेकळांपेक्षा वेगळे असू शकतात.

असा जमा केलेला कोळसा पोत्यांनी भरतो. तो घरच्या पिठासारखा दळून टाकला आणि वरची चिमूट घेतली, असे चालत नाही. येथे एक नियम लक्षात ठेवावयाचा: तुकडा जेवढा मोठा, तेवढा नमुना जास्त लागतो, आणि तोही सरळ प्रमाणात नव्हे तर घनाच्या प्रमाणात. तुकड्याचा व्यास निम्मा केला की आठव्या हिश्श्याइतका नमुना पुरतो. गणिताच्या तासाला घनफळ शिकताना याचा उपयोग काय असे जे विद्यार्थी विचारतात, त्यांच्यासाठी हे उत्तर. म्हणून क्रम असा असतो: फोडा, मिसळा, निम्मे करा, आणखी बारीक करा, मिसळा, निम्मे करा. अमेरिकेच्या मानकात न धुतलेल्या कोळशासाठी २.३६ मिलिमीटरच्या चाळणीखाली निदान एक किलो ठेवावा लागतो, आणि २५० मायक्रॉनच्या चाळणीखाली पन्नास ग्रॅम पुरतात. आपल्या भारतीय मानकात शेवटची चाळणी २१२ मायक्रॉनची आहे. मैद्यासारखा हाताला लागेल इतका तो कोळसा बारीक असतो.

निम्मे करण्याची जुनी रीत शंकूची. स्वच्छ पत्र्यावर कोळशाचा शंकू रचावयाचा. प्रत्येक फावडे बरोबर टोकावर ओतावयाचे, म्हणजे मोठे तुकडे चारी बाजूंना सारखे घरंगळतात. मग तो दाबून चपटा करावयाचा, भाकरीसारखा, त्याचे चार भाग पाडावयाचे, आणि समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकून द्यावयाचे. पुन्हा शंकू. टोक जरा एका बाजूला कलले की चारही भाग वेगळे होतात. त्यापेक्षा रिफल नावाची पेटी बरी. तिच्यात शेजारी-शेजारी पन्हळी असतात, एक डावीकडे उतरणारी, एक उजवीकडे. वरून सारखा कोळसा सोडला की त्याचे दोन सारखे हिस्से होतात. पन्हळीची रुंदी सर्वांत मोठ्या तुकड्याच्या अडीच-तीन पट तरी असावी, नाही तर तुकडे अडकून बसतात.

दळण्याआधी कोळसा वाळवावा लागतो, कारण ओला कोळसा यंत्राला चिकटतो आणि चाळणीतून जात नाही. उथळ ताटात पातळ पसरून ठेवावयाचा, वजन जवळजवळ स्थिर होईपर्यंत. उष्णता दिली तरी चाळीस अंशांच्या वर नाही, आणि पाऱ्याची तपासणी असेल तर खोलीच्याच तपमानाला. लवकर आटोपावे म्हणून भट्टीशेजारी ताट ठेवण्याचा मोह होतो. पारा हा पाहुणा असा आहे की खोली गरम झाली की न सांगता उठून जातो.

आता मी सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. येथे जरा वेळ थांबू.

आपल्याकडे हकीम आणि वैद्य खलात औषध घोटतात. सुरमा घोटणाराही खल पारखून घेतो, कारण दगड मऊ असेल तर दगडच झिजून सुरम्यात उतरतो. (सुरम्याविषयी ओघाने एक गोष्ट: पुष्कळ सुरमा म्हणजे शिशाचे खनिज असते. लहान मुलांच्या डोळ्यांत घालू नये.) कोळशाचेही तेच. कोळसा मऊ, पण त्यातले दगडाचे कण कठीण. ते यंत्राच्या लोखंडाला घासतात आणि यंत्र कोळशात उतरते. हा धाक किती खरा आहे ते पाहा. स्टेनलेस स्टीलमध्ये शंभरात साधारण अठरा भाग क्रोमियम असते. दहा ग्रॅम कोळसा दळताना त्या स्टीलचा फक्त एक मिलिग्रॅम कीस झाला, डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही, तर कोळशात दशलक्षात अठरा भाग क्रोमियम वाढले. आणि जगातल्या कोळशांमधील क्रोमियमची सरासरीच जवळजवळ तेवढी आहे! म्हणजे उत्तर दुप्पट झाले. कागदावर येईल की परळीच्या कोळशात क्रोमियम अमुक इतके, आणि प्रत्यक्षात निम्मे क्रोमियम दळणयंत्राचे. टंग्स्टन कार्बाइडचे भांडे वापरले तर ते फार कठीण असते, पण त्याचे कण कोबाल्टने सांधलेले असतात. मग कोबाल्टचा आकडा विसरावयाचा.

यावर उपाय म्हणजे अकीक. होय, तोच जो आपल्या वडीलधाऱ्यांच्या अंगठीत बसलेला असतो. अकीक म्हणजे गारेच्याच जातीचा अतिशय घट्ट दगड, जवळजवळ निव्वळ सिलिका. खंबायतचे अकीक शतकानुशतके प्रसिद्ध आहेत, आणि आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही तो गाठींच्या रूपाने सापडतो. अकिकाच्या खलात दळलेल्या कोळशात क्रोमियम, निकेल, कोबाल्ट शिरत नाही. तो महाग आहे, ठिसूळ आहे आणि काम हळू होते. म्हणून पहिले फोडणे लोखंडात आणि शेवटचे दळणे अकिकात अशी तडजोड करतात. लोखंड आणि मँगनीज मोजावयाचे असतील तर ती तडजोडही अहवालात लिहावी लागते.

मग चाळणी. पितळेच्या चाळणीतून तांबे आणि जस्त येते, त्यासाठी नायलॉनची जाळी. जस्ताचा मुलामा दिलेले घमेले नको. रबरी हातमोज्यांतही जस्त असते. बोटातल्या अंगठ्या काढून ठेवाव्यात, अकिकाची असली तरी, कारण तिचे कोंदण धातूचे असते. हातावर पावडर नको. आणि तंबाखू मळलेला हात तर मुळीच नको. तंबाखूचे पान जमिनीतून कॅडमियम ओढून घेते, आणि कॅडमियम आपल्याला दशलक्षाच्या अंशात मोजावयाचे आहे. प्रयोगशाळेत तंबाखूबंदी शिस्तीसाठी असते असे मुलांना वाटते. तिला रसायनशास्त्राचा आधार आहे, एवढे आपल्या भागातल्या मुलांना आवर्जून सांगतो.

एका नमुन्यानंतर दुसरा दळावयाचा असेल तर भांडे पुसले म्हणजे झाले असे नाही. पुढच्या नमुन्याचाच थोडा भाग आधी दळून फेकून द्यावयाचा, आणि मग खरा नमुना घ्यावयाचा. गिरणीत ज्वारीनंतर गहू दळावयाचा असेल तर गृहिणी आधीचे पसाभर पीठ वेगळे काढते. तिला हे कोणी शिकविले नाही. ज्या मुलींनी घरात ही नजर मिळविली आहे त्यांना प्रयोगशाळेत मी फार लवकर तयार होताना पाहिले आहे.

येथे उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांशी दोन शब्द. मराठी किंवा इंग्रजी परिभाषा ऐकून तुम्ही दबता. पण नमुना हा शब्द फारसी, तराजू फारसी, वजन आणि अकीक अरबी. मराठीने ते घरचे करून घेतले. मर्व्ह शहरातील अल-खाजिनी यांनी सन ११२१ च्या सुमारास तराजूवर एक मोठा ग्रंथ लिहिला. पाण्यात तोलून धातू शुद्ध आहे की भेसळीचा ते ओळखणाऱ्या काट्याचे त्यात वर्णन आहे. म्हणजे 'यात नक्की काय आहे' हा आपला आजचाच प्रश्न. शब्दांना भिण्याचे कारण नाही. काट्याला मात्र जरूर भ्यावे.

दळून झालेल्या कोळशातले धातू मोजावयाचे तर आधी कोळसा काढून टाकावा लागतो, म्हणजे जाळावा लागतो. उष्मांकाच्या कामासाठी राख ८१५ अंशांवर करतात. ती राख येथे चालत नाही, कारण तेवढ्या उष्णतेला काही धातू निघून जातात. येथे थंड भट्टीत बशी ठेवून हळूहळू ५०० अंशांपर्यंत चढवावयाचे, दोन तास तरी चढण्यातच गेले पाहिजेत, आणि मग काळा ठिपका राहीपर्यंत नव्हे, तर एकही न राहीपर्यंत ठेवावयाचे. ही राख ॲसिडांत विरघळवून तो द्रव यंत्रात जातो. ॲलन वॉल्श या शास्त्रज्ञाने सन १९५५ मध्ये अणूंच्या प्रकाशशोषणावरून धातू मोजण्याची रीत मांडली. आता तिच्यापुढची यंत्रेही आली आहेत, ती एकाच फवाऱ्यात वीस-तीस धातू सांगतात. कोळशात शंभरात चाळीस राख असेल तर राखेतला आकडा अडीचपट मोठा असतो, त्याला पुन्हा कोळशाच्या हिशेबात आणावयास विसरू नये. वर्तमानपत्रांत जे भयंकर आकडे येतात त्यांत कोळसा आणि राख यांची ही गल्लत कधीकधी असते.

ॲसिडांविषयी मात्र गंभीरपणे ऐका. राखेतली वाळू विरघळवावयास हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागते. ते काच खाते. त्वचेवर पडले तर सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत हाडापर्यंत जाते. परक्लोरिक ॲसिड गरम असताना कोळशासारख्या वस्तूशी आले तर स्फोट होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत या दोन्ही बाटल्या असता कामा नयेत. जेथे आहेत तेथे धुराचे कपाट, चेहऱ्याची ढाल आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी नसेल तर नोकरी असली तरी काम करण्यास नकार द्यावा. पालकांनी मुलांना हा नकार देण्यास शिकवावे. कोळशाची धूळही फुप्फुसाला वाईट, तिच्यासाठी नाकावर चांगली पट्टी आणि चालू पंखा हवा.

पाऱ्याला भट्टीतली ही वाट बंद आहे. पारा ३५७ अंशांवर उकळतो, आणि ५०० अंशांच्या भट्टीत कोळशातला सगळा पारा धुराबरोबर जातो. अशा राखेत पारा शोधून 'पारा आढळला नाही' असे लिहिणे म्हणजे पक्षी उडाल्यावर पिंजरा तपासणे. पाऱ्यासाठी कोळशाची वेगळी चिमूट, एक दशांश ग्रॅमच, प्राणवायूत जाळतात आणि तो वायू सोन्यावरून नेतात. तुमच्यापैकी कोणाच्या घरी थर्मामीटर फुटून त्या पाऱ्याने आईची अंगठी पांढरी पडली असेल, तर तुम्हांला हे तत्त्व ठाऊक आहे. सोने पाऱ्याला धरून ठेवते. मग सोने तापवून तो सगळा एकदम सोडावयाचा आणि २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश तो किती गिळतो ते पाहावयाचे. एका ग्रॅमचे दहा कोटी भाग केले तर त्यातला एक, एवढा पारा येथे मोजला जातो. म्हणूनच ज्या खोलीच्या फरशीच्या फटीत पूर्वी कधी फुटलेल्या थर्मामीटरचा थेंब राहिला आहे, त्या खोलीत हे काम करता येत नाही. दळतानाही यंत्र गरम होऊ द्यावयाचे नाही. थोडे दळावे, थांबावे, पुन्हा दळावे.

इतके सांभाळूनही आकडा खरा कशावरून? त्यासाठी तीन साक्षीदार उभे करतात. एक रिकामा नमुना, म्हणजे सगळी ॲसिडे, सगळी भांडी, फक्त कोळसा नाही. त्यात जस्त निघाले तर ते आपल्याच घरचे. दुसरा, तोच कोळसा दोनदा, आणि शक्यतो दुसऱ्या माणसाच्या हातून. तिसरा, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा कोळसा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचा १६३२ क्रमांकाचा कोळसा या कामासाठी बाटलीत विकत मिळतो. या तिघांची साक्ष अहवालात नसेल तर तो अहवाल परळीच्या बाजूने असो की विरुद्ध, मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

पालक मला विचारतात, रसायनशास्त्र घेऊन मुलगा काय करणार, शिक्षकच होणार ना? शिक्षक व्हावेच. पण वीजकेंद्र, सिमेंट, साखर कारखाना, पाणी आणि माती तपासणी, विटा आणि राख, या प्रत्येक ठिकाणी नमुना तयार करणारा माणूस लागतो. या कामाचे हात काळे होतात, म्हणून बी.एस्सी. झालेली मुले ते हलके समजून मदतनीसावर सोपवितात आणि आपण यंत्रापुढे खुर्ची घेऊन बसतात. त्या खुर्चीवरून चार भागांवर हुकूम चालतो. बाकीचे शहाण्णव भाग मदतनीसाच्या हातात असतात, आणि त्याला कोणी हे काम का करावयाचे ते सांगितलेलेही नसते.

शेवटची गोष्ट बाटलीची. दळलेल्या पन्नास ग्रॅममधून अर्धा ग्रॅम वापरला, उरलेला टाकून द्यावयाचा नाही. ॲसिडाने आणि शुद्ध पाण्याने धुऊन वाळविलेल्या बाटलीत तो भरून, झाकण घट्ट लावून, मोहोर करून थंड जागी ठेवतात. चिठ्ठीवर गाडी कोणती, वाघिणी कोणत्या, तारीख, वेळ, शेवटची चाळणी किती मायक्रॉनची, दळण कोणत्या भांड्यात, आणि नमुना काढणाऱ्याची सही, एवढे हवे. उद्या एखाद्या गावाने म्हटले की आकडा खोटा आहे, किंवा केंद्राने म्हटले की गावकऱ्यांचा आरोप खोटा आहे, तर हीच बाटली दोघांच्या समोर उघडावयाची असते, आणि त्यातला आणखी एक अर्धा ग्रॅम तोलावयाचा असतो.